केडीपीवर मराठी पुस्तक: कुठे जमतं, कुठे अडतं

ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर, म्हणजे सगळे ज्याला केडीपी म्हणतात तिथे, मराठी ई-पुस्तक काढायला पैसे लागत नाहीत आणि कुणाची ओळखही लागत नाही. फाइल नीट असेल तर बहुतेक वेळा ७२ तासांच्या आत पुस्तक विक्रीला लागतं. डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, तमीळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर मराठी पुस्तकं किंडलवर आली. कादंबरी, कथासंग्रह, ललित, प्रवासवर्णन अशा सलग मजकुराच्या पुस्तकाला ही सेवा चांगली आहे. चित्रांच्या पुस्तकाला ती महाग पडते. छापील मराठी पुस्तक तर तिथे निघतच नाही, आणि नेमकी हीच गोष्ट बऱ्याच जणांना सगळं भरून झाल्यावर कळते.

लेखक अडखळतात ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक म्हणजे फाइलमधली अक्षरं, आणि दुसरं म्हणजे किमतीच्या आधी येणारी 'केडीपी सिलेक्ट' योजनेची, म्हणजे ठरावीक काळ ई-पुस्तक फक्त ॲमेझॉनवर ठेवण्याची, छोटी चौकट. नाव, वर्णन, बँक खातं हे बाकीचं तासाभरात उरकतं.

अक्षरं आधी, बाकी नंतर

मराठीत अजूनही कितीतरी हस्तलिखितं डीटीपीवाल्याकडून पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवून येतात. कागदावर ती उत्तम छापली जातात. पण आतला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या उपकरणांना सारखाच कळणाऱ्या अक्षरसंकेतातला, नसतो. फॉन्ट काढून घेतला की खाली इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उरतो. किंडलला हा मजकूर देता येत नाही. पीडीएफ करून द्यावी म्हटलं तर मराठीसाठी तो मार्ग नाही. वर्डची डॉक्स किंवा ईपब (ई-पुस्तकांसाठीची) फाइलच द्यावी लागते आणि तिच्यात युनिकोड देवनागरीच असावी लागते.

कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणला की काम संपलं असं वाटतं. इथून पुढचं मुद्रितशोधन मात्र कुणी टाळू नये. सर्वांत जास्त मार खातो तो अर्धा र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना आणि 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना. कन्व्हर्टर अनेकदा पहिल्याचं दुसरं करून ठेवतो आणि मग 'दुसर्या दिवशी', 'वार्यावर', 'तार्यांनी' अशी वाक्यं पुस्तकभर पसरतात. 'र्य' शोधून सरसकट 'ऱ्य' घालता येत नाही, कारण 'सूर्य', 'कार्य', 'धैर्य' बरोबरच असतात. म्हणून वर्डच्या शोधपट्टीत 'र्य' टाकून एकेक ठिकाण डोळ्यांनी पाहायचं. तेच 'र्ह'चं: 'अर्हता' तशीच राहू द्यायची, पण 'तऱ्हा', 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'गुऱ्हाळ' दुरुस्त करायचे. दोनशे पानांच्या कादंबरीला हे एका बैठकीचं काम आहे.

याच अर्ध्या र चा आणखी एक प्रकार डोळ्यांना दिसत नाही. काही कीबोर्ड तो साध्या र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हाने लिहितात. संगणकावर तो बरोबर उमटतो, पण मजकूर एका ॲपमधून दुसऱ्यात गेला की अदृश्य चिन्ह कुठेतरी गळतं आणि पुन्हा रफार उगवतो. नुक्ता असलेला 'ऱ' वापरून लिहिलं की हा प्रश्न मिटतो.

'ॲ'ची अडचणही अशीच. एक 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसरं 'अ' लिहून त्यावर चंद्र देऊन केलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखीच असली तरी काही उपकरणांवर दुसऱ्यात 'अ' आणि चंद्राच्या मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ येतं. मात्रेआधी अनुस्वार टंकला गेला असेल तरी तेच वर्तुळ दिसतं. ठिपक्यांचं वर्तुळ असलेलं एक पान वाचकाने नमुन्यात पाहिलं, की पुस्तक कितीही चांगलं असो, तो पुढे जात नाही.

श आणि ल यांचं वळण हा मराठीचा आणखी एक जिव्हाळ्याचा विषय. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेतली ही अक्षरं मराठी वळणाची ठरवली. उपकरणातल्या देवनागरी फॉन्टमध्ये मात्र ती हिंदी वळणाची दिसू शकतात. ज्यांना हे खटकतं त्यांनी ईपबमध्ये मुक्त परवान्याचा मराठी फॉन्ट घालावा. 'टिरो देवनागरी मराठी' हा त्यासाठी योग्य आहे. शिवाय ईपबच्या भाषेच्या खुणेत हिंदीचं 'एचआय' नाही तर मराठीचं 'एमआर' आहे ना, तेही पाहावं. फॉन्टचं वजन फाइलच्या वजनात धरलं जातं आणि त्याचे पैसे कापले जातात, म्हणून एका जाडीचा एकच फॉन्ट पुरे.

फाइल कशी बांधावी

वर्डमध्ये प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग १' ही शैली द्यायची. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं नाव यंत्राला प्रकरण वाटत नाही, त्यामुळे अनुक्रमणिका तयारच होत नाही. परिच्छेदाची सुरुवात आत घ्यायला स्पेसबार किंवा टॅब मारू नये, ती शैलीतून द्यावी. नव्या प्रकरणासाठी एंटर मारत खाली जायचं नाही, पेज ब्रेक द्यायचा. अनुक्रमणिकेतले छापील पानांचे आकडे काढून टाकायचे, कारण वाचकाने अक्षर मोठं केलं की पानं बदलतात. मजकुराचा रंग 'ऑटोमॅटिक' ठेवायचा. कुणी हट्टाने काळा रंग दिलेला असेल तर रात्री काळ्या पडद्यावर वाचणाऱ्याला अडचण येऊ शकते.

कवितासंग्रह काढणाऱ्यांनी थोडा जास्त वेळ हाताशी ठेवावा. फोनच्या पडद्यावर लांब ओळ मोडते आणि मोडलेला तुकडा नवी ओळ असल्यासारखा दिसतो. त्यासाठी कवितेला स्वतंत्र शैली करून तिला उलटा समास द्यावा, म्हणजे ओळीची सुरुवात डावीकडे आणि मोडलेला भाग थोडा आत. ओळ संपवायला शिफ्ट-एंटर, कडवं संपवायला एंटर. अभंगाला आणि ओवीला हे जमतं. मुक्तछंदातल्या खूप लांब ओळींचा आकार मात्र फोनवर टिकत नाही, हे मान्य करूनच पुढे जावं.

फाइल चढवण्याआधी किंडल प्रीव्ह्यूअर हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं. त्यात फोन, टॅब्लेट आणि किंडल यंत्र अशा तिन्ही रूपांत पुस्तक दिसतं. अक्षर सर्वांत मोठं करून निदान पहिली तीन प्रकरणं पाहावीत. बिघाड असेल तर तो मोठ्या अक्षरातच उघडा पडतो.

मराठी पुस्तकाची बांधणी इथे थोडी बदलावी लागते, आणि त्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. वाचकाला मोफत दिसणारा नमुना हा साधारण पुस्तकाचा पहिला १० टक्के भाग असतो. आपल्याकडे पुस्तकाच्या तोंडाशी अर्पणपत्रिका, मान्यवरांची प्रस्तावना, लेखकाचं मनोगत, ऋणनिर्देश आणि कधी कधी दुसऱ्या आवृत्तीचं मनोगतही असतं. १२० पानांच्या कथासंग्रहाला नमुना मिळतो बारा पानांचा, आणि ही बारा पानं याच मजकुरात संपतात. गोष्टीची एक ओळही न वाचता वाचकाने पैसे द्यावेत अशी अपेक्षा मग उरते. अर्पणपत्रिका आणि अनुक्रमणिका पुढे ठेवून प्रस्तावना, मनोगत आणि ऋणनिर्देश मागे न्यावेत. प्रस्तावना लिहून देणाऱ्याला हे आधी सांगितलेलं बरं.

मुखपृष्ठ २५६० पिक्सेल उंच आणि १६०० पिक्सेल रुंद असावं, जेपीजी किंवा टिफ. डेमी आकाराच्या छापील पुस्तकाचं मुखपृष्ठ तसंच्या तसं या मापात बसत नाही, थोडं बुटकं पडतं. ते ओढून लांब करू नये, मूळ फाइलवरून नव्याने बांधून घ्यावं. पांढऱ्या पार्श्वभूमीचं मुखपृष्ठ दुकानाच्या पांढऱ्या पानावर विरून जातं, त्याला तीन-चार पिक्सेलची करडी किनार पुरते. सुलेखनातलं शीर्षक असेल तर चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं करून पाहावं. त्या आकारात नाव वाचता आलं पाहिजे, कारण फोनवर वाचकाला ते तेवढंच दिसणार आहे.

माहितीच्या पानावर भाषा 'मराठी' निवडायची. लिपी एकच असल्याने घाईत हिंदी निवडली जाते. वर्णनाला ४००० अक्षरांची जागा आहे, पण फोनवर पहिल्या तीन-चार ओळीच उघड्या दिसतात, म्हणून पुस्तकाची गोम तिथेच सांगावी. शोधशब्दांच्या सात चौकटी आणि तीन विभाग मिळतात. मराठी वाचकांतले पुष्कळ जण दुकानात शोधताना रोमन लिपीत टंकतात, म्हणून पुस्तकाचं नाव आणि 'मराठी कादंबरी', 'मराठी रहस्यकथा' असे शब्द रोमनमध्येही त्या चौकटींत भरावेत. दुसऱ्या लेखकाचं नाव तिथे टाकणं नियमाविरुद्ध आहे.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, थांबू नये. ई-पुस्तकाला तो लागत नाही, ॲमेझॉन स्वतःचा क्रमांक देतं. छापील आवृत्तीसाठी हवा असेल तर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो मोफत मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्यांकडे जायचं कारण नाही. मजकूर, चित्रं किंवा भाषांतर यंत्राकडून तयार करून घेतलं असेल तर अर्जात तसं सांगावं लागतं. हा नियम सप्टेंबर २०२३ पासून आहे. स्वतः लिहून फक्त शुद्धलेखन यंत्राकडून तपासलं असेल तर सांगायची गरज नाही.

७० टक्के केव्हा, ३५ टक्के केव्हा

रॉयल्टीचे दर दोन आहेत, ७० आणि ३५ टक्के. छापील मराठी पुस्तकावर मिळणाऱ्या रॉयल्टीच्या मानाने दोन्ही आकडे डोळे दिपवणारे आहेत. ७० टक्क्यांना मात्र चार अटी आहेत.

पहिली अट भारतापुरती, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट' योजनेत असावंच लागतं. ब्राझील, जपान आणि मेक्सिकोलाही हीच अट आहे, अमेरिका-इंग्लंडला नाही. सिलेक्ट न घेता ७० टक्क्यांवर खूण केली तर अमेरिकेतल्या विक्रीचे ७० आणि भारतातल्या विक्रीचे ३५ टक्के मिळतात. मराठी पुस्तकाचे बहुतेक वाचक भारतातच असल्याने रॉयल्टी त्यामुळे जवळपास निम्मी होते.

दुसरी अट वजनाची. ७० टक्क्यांच्या योजनेत फाइल वाचकाकडे पोचवण्याचा खर्च आधी वजा होतो. भारतात तो दर एमबीला ७ रुपये आणि अमेरिकेत १५ सेंट आहे. ३५ टक्क्यांत असा खर्च कापत नाहीत. कर वगळून १०० रुपये किंमत धरली, तर सव्वा एमबीच्या आतबाहेरच्या, समजा १.२ एमबीच्या कादंबरीवर ८ रुपये ४० पैसे जातात. उरलेल्या ९१ रुपये ६० पैशांचे ७० टक्के म्हणजे ६४ रुपये १२ पैसे. हेच पुस्तक फोटोंसह ९ एमबीचं असेल तर ६३ रुपये पोचवण्यात जातात, उरलेल्या ३७ रुपयांचे ७० टक्के २५ रुपये ९० पैसे होतात. तेव्हा ३५ टक्क्यांची योजना घेतली असती तर सरळ ३५ रुपये मिळाले असते! हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: पोचवण्याचा खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला की ३५ टक्के बरे. १०० रुपयांच्या पुस्तकाला ही रेघ सात एमबीच्या थोडी पुढे आहे. फाइलचं वजन किमतीच्या पानावरच दाखवतात, तुमच्या संगणकावरचं नाही तर केडीपीने रूपांतर केल्यानंतरचं. पाककृती, किल्ल्यांचे फोटो, बालवाङ्मय असं पुस्तक असेल तर आधी चित्रं हलकी करावीत आणि मगच दर निवडावा.

तिसरी अट किमतीच्या पट्ट्याची. प्रत्येक देशाच्या दुकानाचा स्वतःचा पट्टा आहे. अमेरिकेत तो २.९९ ते ९.९९ डॉलर. भारताची किंमत १०० रुपये ठेवून डॉलरची किंमत आपोआप काढू दिली तर ती या पट्ट्याच्या खाली पडते, म्हणून तिथे २.९९ स्वतः भरावं. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी वाचकाला तीन डॉलर जड नाहीत, आणि लेखकाला त्याच १.२ एमबीच्या पुस्तकामागे कर कापण्याआधी सुमारे १.९७ डॉलर मिळतात. दुबईतला वाचक मात्र ७० टक्क्यांच्या देशांच्या यादीत येत नाही; त्याच्या खरेदीवर ३५ टक्केच.

चौथी अट छापील आवृत्ती असणाऱ्यांसाठी. ई-पुस्तकाची किंमत छापील प्रतीच्या किमतीपेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावी लागते. छापील पुस्तक २५० रुपयांचं असेल तर ई-पुस्तक जास्तीत जास्त २०० ला.

सिलेक्टचे नव्वद दिवस

सिलेक्ट घेतलं की पुस्तक किंडल अनलिमिटेडमध्ये जातं. महिन्याची वर्गणी भरणारे वाचक ते वेगळे पैसे न देता वाचतात आणि लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांप्रमाणे वाटा मिळतो. पान म्हणजे छापील पान नव्हे, केडीपीने ठरवलेलं प्रमाणित पान. दर महिन्याला एक निधी जाहीर होतो, त्यातून पानाचा दर निघतो. तो दर महिन्याला आणि देशागणिक बदलतो, आणि भारतात पानाचा हिशेब पैशांत करावा लागतो. म्हणून इथे लांबीला किंमत आहे. ४० पानांच्या सुट्या कथेवर जवळपास काही मिळत नाही. वाचकाला शेवटपर्यंत धरून ठेवणारी जाड कादंबरी किंवा तीन-चार भागांची मालिका असेल तर हीच वाट विक्रीपेक्षा जास्त देऊ शकते.

या बदल्यात सिलेक्ट काय मागतं ते नीट वाचावं. ९० दिवस त्या पुस्तकाचा मजकूर डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही असता कामा नये, विकत नाही आणि फुकटही नाही. नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत भाग बाहेर चालतो. छापील पुस्तकावर बंधन नाही.

मराठी लेखक इथे अडकतात, आणि त्याला कारण आपली लिहिण्याची रीत आहे. कादंबरी आधी 'प्रतिलिपी' ॲपवर भागाभागाने येते, कथा फेसबुकवर टाकलेल्या असतात, लेख ब्लॉगवर असतात. पुस्तक सिलेक्टमध्ये गेलं आणि हे सगळं तसंच राहिलं तर तो करारभंग आहे. सुरुवातीला विचारणा करणारा मेल येतो. त्याला मुदतीत उत्तर दिलं नाही तर पुस्तक दुकानातून उतरतं, आणि असे प्रकार वाढले तर खातंच बंद होतं. एका माणसाला एकच खातं ठेवता येतं, त्यामुळे ते गेलं की दुसरं उघडायची सोय नाही. म्हणून सिलेक्टवर खूण करण्याआधी आपल्या कथेतलं एखादं ठळक वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधावं. जिथे जिथे सापडेल तिथून काढावं, आणि पान खरंच गेल्याची खात्री झाल्यावरच खूण करावी.

दिवाळी अंकात आलेल्या कथांचं कोडं आणखी बारीक आहे. छापील अंकाचा काही प्रश्न नाही. पण आता बरेच अंक ई-स्वरूपातही विकले जातात, आणि तीही डिजिटल प्रतच. कथासंग्रहातल्या तीन-चार कथा तशा अंकांत असतील तर संपादकांना विचारावं, ई-अंक विक्रीतून केव्हा उतरणार ते पाहावं, आणि तोवर सिलेक्टविना ३५ टक्के घ्यावेत.

मुदत संपली की सिलेक्ट आपोआप पुढच्या ९० दिवसांसाठी लागू होतं. नको असेल तर आपोआप नूतनीकरणाची खूण आधीच काढून ठेवावी. पुस्तक बुकगंगावर किंवा गूगल प्लेवरही आणायचं ठरलं असेल तर ही तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवण्यासारखी आहे. गूगल प्ले पीडीएफही घेतं आणि एकाच ठिकाणी विकण्याची अट घालत नाही, म्हणून चित्रांच्या पुस्तकाला आम्ही तोच रस्ता सुचवू.

सिलेक्टमध्ये ९० दिवसांतले पाच दिवस पुस्तक फुकट देता येतं. हे दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने चालतात. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराच्या आणि हिवाळ्यात दीडच्या सुमाराला सवलत सुरू होते. सकाळी सात वाजता व्हॉट्सॲपच्या गटांवर 'आज मोफत' असा निरोप टाकला तर लोकांना पूर्ण किंमत दिसते आणि ते परत येत नाहीत. निरोप दुपारी, किंमत शून्य झालेली स्वतः पाहून मगच टाकावा. याच गटांत घरच्यांना आणि मित्रांना अभिप्राय लिहायला सांगू नये. जवळच्यांचे अभिप्राय ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत आणि काढले जातात.

जुनं पुस्तक, जुना करार

पंधरा-वीस वर्षांपूर्वी प्रकाशकाने काढलेलं आणि आता बाजारात न मिळणारं पुस्तक ई-रूपात आणावं, असं अनेकांच्या मनात असतं. त्यांनी आधी करार शोधावा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या करारात, तेव्हा व्यवहारात नसलेल्या माध्यमाचे हक्क स्पष्ट लिहिल्याशिवाय जात नाहीत. बाजू लेखकाची असली तरी प्रकाशकाकडून दोन ओळींचं पत्र घ्यावं, 'ई-पुस्तकाचे हक्क लेखकाकडे आहेत' एवढंच. केडीपीने पुरावा मागितला की हेच पत्र उपयोगी पडतं. मुखपृष्ठाचं चित्र चित्रकाराचं असतं आणि अक्षरजुळणी प्रकाशकाच्या खर्चाने झालेली असते. ते दोन्ही न उचलता मजकूर नव्याने टंकून घ्यावा.

कागदावर मात्र नाही

केडीपीची छपाईची सोय मराठी भाषेला नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय लेखकालाही ती अर्धीच उपयोगाची आहे. केडीपीची छापील प्रत अमेरिका, इंग्लंड, जर्मनी अशा दुकानांत निघते, भारताच्या दुकानात नाही. मराठी छापील प्रत मागणीप्रमाणे काढून हवी असेल तर चेन्नईची नोशन प्रेस आणि बंगळुरूची पोथी डॉट कॉम या सेवा आहेत. साहित्य संमेलनात किंवा गावच्या ग्रंथालयात पुस्तक ठेवायचं असेल तर स्थानिक मुद्रकाकडून दोनशे-तीनशे प्रती काढणं हाच अजूनही स्वस्त मार्ग ठरतो. मराठी वाचकांचा मोठा वर्ग कागदावरच वाचतो, आणि सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदीही छापील पुस्तकांची असते. केडीपीच्या गुणांत आम्ही सर्वांत मोठी वजाबाकी करतो ती इथे.

पैसे हातात येईपर्यंत

महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी त्या महिन्याची रक्कम येते. जानेवारीची विक्री मार्चअखेर. भारतातल्या बँक खात्यात थेट जमा घेतली तर किमान रकमेची अट नाही. प्रत्येक देशाच्या दुकानाची रक्कम वेगळी येते, त्यामुळे पासबुकात चाळीस रुपये, तीनशे दहा रुपये अशा सुट्या नोंदी दिसतील. त्या केडीपीच्या पेमेंट अहवालाशी ताडून ठेवाव्यात.

खातं उघडताना करविषयक प्रश्नावली भरावी लागते. तिथे अमेरिकेचा रहिवासी नसल्याचं सांगून पॅन क्रमांक द्यावा आणि भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागावा. तो घेतला की अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर १५ टक्के कपात होते, नाहीतर ३०. वरच्या १.९७ डॉलरचे मग १.६७ उरतात, लाभ न घेतल्यास १.३८. पॅनवरचं नाव, बँकेतलं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षरशः एकच असू द्या. टोपणनावाने लिहायचं असेल तर ते फक्त पुस्तकाच्या माहितीत, लेखकाच्या जागी घाला. स्पेलिंगमधल्या एका जादा 'ए'नेही पडताळणी अडकते.

भारतात लेखकाच्या रॉयल्टीला प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ८०क्यूक्यूबीखाली तीन लाखांपर्यंत वजावट होती, फक्त जुनी कररचना निवडणाऱ्यांना. पाठ्यपुस्तकं आणि गाइडं तिच्यात बसत नाहीत. ठोक रक्कम घेतलेली नसेल तर विकलेल्या पुस्तकांच्या किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंतचीच रॉयल्टी या वजावटीत धरतात. म्हणजे १०० रुपयांच्या पुस्तकावर ६४ रुपये मिळाले तरी वजावटीला पंधराच, उरलेले ४९ नेहमीच्या उत्पन्नात. त्यासाठी रॉयल्टी देणाऱ्याने भरलेला नमुनाही (१९६१ च्या कायद्यात १०सीसीडी) लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. विवरणपत्र भरण्याआधी सीएकडे जाताना केडीपीचा वर्षभराचा देशवार अहवाल आणि बँकेचा उतारा असे दोन्ही कागद बरोबर न्या.